पाकिटातला नंबर

ऑस्टबी, नॉर्थ डकोटा
९ मार्च १९९८

तक्रार विभाग, राज्य आयोग यांस,

तुमचं नाव मला ठाऊक नाही. आमच्या गावच्या टेलिफोन सहकारी संस्थेतल्या मुलीने हा पत्ता दिला आणि म्हणाली, "मिसेस नेल्सेट, आता राजधानीलाच लिहा. आमच्या हातात काही राहिलं नाही." म्हणून लिहिते.

आमचा गावातला फोन त्या संस्थेचा, आणि बाहेरगावी लावायचे फोन गेली एकतीस वर्षं एकाच कंपनीकडे. गेल्या आठवड्यात बिल आलं ते 'ब्लू लँटर्न' नावाच्या कंपनीचं. या कंपनीचं नाव आम्ही कधी ऐकलेलं नाही. आम्हाला न विचारता आमची कंपनी परस्पर बदलून टाकली. दीड वर्षात हे तिसऱ्यांदा. पहिल्या दोन वेळी मला चार दिवसांत कळलं, मी तासभर फोन कानाला लावून बसले, त्यांची गाणी ऐकली आणि सगळं होतं तसं करून घेतलं. या वेळी बिल येईपर्यंत कळलंच नाही.

बिलाचं मी बघून घेईन. माझी तक्रार वेगळी आहे. जुन्या कंपनीकडे आमचा एक फुकटचा नंबर होता, आठशेने सुरू होणारा. तो लावणाऱ्याला खर्च पडत नाही, आमच्या बिलात येतो. खातं दुसरीकडे गेलं तसा तो बंद झाला. परत मागितला तर म्हणाले, "नवीन देतो की." मला नवीन नको. जुना नंबर एका माणसाच्या पाकिटात आहे, आणि नवीन कळवायला माझ्याकडे त्या माणसाचा पत्ता नाही.

तो नंबर मला परत मिळवून द्या. बाकी काही मागत नाही.

आपली,
आर्डिस नेल्सेट


बिस्मार्क
१७ मार्च १९९८
फाईल क्र. ९८-०४१७

मिसेस नेल्सेट यांना,

आपली तक्रार मिळाली. ती माझ्याकडे आली आहे. कृपया पुढील गोष्टी कळवा: आपण किंवा घरातल्या कुणी एखाद्या चेकवर, बक्षिसाच्या चिठ्ठीवर वा कुठल्या कागदावर सही केली होती का? बारीक अक्षरात कंपनी बदलण्याची संमती लपवलेली असते. घरात आणखी कुणी प्रौढ व्यक्ती आहे का, आणि तिने फोनवर होकार दिला होता का?

सोबत दोन फॉर्म आहेत. पहिला, आपल्या लाइनला कुलूप घालण्याचा. तो भरल्यावर आपल्या सहीच्या पत्राशिवाय कुणालाही कंपनी बदलता येणार नाही. दुसरा, विक्रीचे फोन बंद करण्याच्या यादीत आपला नंबर घालण्याचा. दोन्ही लवकर पाठवा.

उत्तराला उशीर झाला तर राग मानू नका. अशा चारशेच्या वर फायली आहेत आणि आम्ही दोघी आहोत.

पेग स्वोबोदा
तक्रार अधिकारी


ऑस्टबी
२४ मार्च १९९८

मिस स्वोबोदा यांना,

मिस की मिसेस ते तुम्ही लिहिलं नाही, चुकलं असेल तर सांभाळून घ्या.

घरात आम्ही दोघंच. मी आणि माझा नवरा ऑर्लिन. त्याला विचारलं. म्हणाला, "मला काय माहीत?" ऑर्लिनचं हे लांबलचक उत्तर समजायचं. त्याला फोन मुळात आवडत नाही. बहिणीचा वाढदिवस असला तरी दोन वाक्यं बोलून माझ्या हातात देतो.

सहीचं म्हणाल तर फेब्रुवारीत शेती अवजारांच्या प्रदर्शनात एक लाल पिकअप गाडी ठेवली होती आणि तिच्यापुढे पेटी. नाव-पत्ता लिहून चिठ्ठी टाकायची, नशीब असेल तर गाडी मिळणार. मी तीन टाकल्या. दोन माझ्या नावाने आणि एक कुत्र्याच्या. मला वाटतं, तिथेच घोळ झाला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पण सही मी केली असेल तर ती पिकअपसाठी केली.

फॉर्म भरून दोघांच्या सह्या करून ऑर्लिनकडे दिले आहेत. तो रोज सकाळी धान्याच्या कोठारावर म्हाताऱ्यांबरोबर कॉफी प्यायला जातो, वाटेत पोस्ट आहे.

ज्या माणसाच्या पाकिटात नंबर आहे तो आमचा मुलगा ब्रेंट. तो पश्चिमेकडे असतो. कामानिमित्त फिरतीवर असतो.

आर्डिस नेल्सेट


बिस्मार्क
१४ एप्रिल १९९८

मिसेस नेल्सेट,

मिस आहे. चुकलं नाही.

ब्लू लँटर्नचं उत्तर आलं. पेटीतल्या चिठ्ठ्यांचा संबंध नाही, तेव्हा कुत्र्याला दोष देऊ नका. त्यांचं म्हणणं, संमती फोनवर मिळाली आणि तिची टेप आहे. पद्धत अशी असते: विक्रेता बोलून तयार करतो, मग फोन दुसऱ्या कंपनीतल्या मुलीकडे जातो. ती नाव-पत्ता विचारते, 'कंपनी बदलायची आहे ना' विचारते आणि हो म्हटलेलं टेप करते. विक्रेत्याचं आधीचं बोलणं टेपवर येत नाही. तो गोड बोलला की खोटं, ते कुणाला कळत नाही.

मी टेप मागवली आहे. आधीच्या दोन वेळच्याही मागवल्यात.

नंबराबद्दल जुन्या कंपनीशी बोलले. तो २ मार्चला बंद झाला. बंद झालेला नंबर ते चार महिने कुणालाच देत नाहीत. म्हणजे २ जुलैपर्यंत तो रिकामा पडून राहील, नंतर दुसऱ्या गिऱ्हाइकाला जाईल. बदल तुमच्या संमतीशिवाय झाला असा आयोगाने निकाल दिला तर तो तुम्हाला परत द्यावा लागेल. एरवी ते देणार नाहीत. मी गोडीनेही विचारून पाहिलं.

तुमचे फॉर्म मला मिळालेले नाहीत.

पेग स्वोबोदा


ऑस्टबी
२० एप्रिल १९९८

मिस स्वोबोदा,

फॉर्म टाकले असं ऑर्लिन म्हणतो. पोस्टाला काय झालंय कोण जाणे.

तुम्ही इतकी खटपट करताय आणि मी तुम्हाला अर्धवट सांगितलं, हे मनाला लागलं. ब्रेंट फिरतीवर वगैरे काही नाही. तो घर सोडून गेला त्याला या ऑक्टोबरात सहा वर्षं होतील. गाईंवरून झालं. ऑर्लिनने त्याच्या भरवशावर चाळीस गाईंचा नवा गोठा बांधला आणि ब्रेंट एके दिवशी जेवताना म्हणाला, "मला दूध काढत आयुष्य काढायचं नाही, बाबा." ऑर्लिन म्हणाला, "मग इथे जेवत तरी कशाला बसलायस?" ब्रेंट ताटावरून उठला. ताटातला मांस-बटाट्याचा हॉटडिश अर्धाच खाऊन झाला होता. संध्याकाळी बॅग घेऊन गेला. ऑर्लिन मला म्हणाला, "त्याचं नाव या घरात काढायचं नाही." मी काढलं नाही. आमच्यात असंच असतं. ओरडत नाहीत, गप्प बसतात, आणि मग ते गप्प बसणंच घरात वावरायला लागतं.

दुसऱ्या वर्षी फिनिक्सहून एक पोस्टकार्ड आलं, माझ्या नावाने. एका ऑफिसात फोनवर विक्रीचं काम मिळालंय, असं लिहिलं होतं. ते मी पाककृतींच्या डब्यात ठेवलं, लेफ्सेच्या, म्हणजे आमच्या बटाट्याच्या पोळीच्या, कार्डामागे, कारण लेफ्से मला तोंडपाठ येतं आणि तिथे कुणी बघणार नाही. मग तो फुकटचा नंबर माझ्या नावाने घेतला आणि एका कार्डावर लिहून त्या पोस्टकार्डावरच्या पत्त्यावर त्याला पाठवला. ऑर्लिनला सांगितलं, बहिणीसाठी घेतलाय. ब्रेंटने त्यावर दोनदा फोन केला. दोन्ही वेळी सकाळी, बाप कॉफीला गेलेला असताना. शेवटचा गेल्या सप्टेंबरात. म्हणाला, "जागा बदलतोय, आई. स्थिर झालो की पत्ता देतो. नंबर पाकिटात आहे माझ्या." घरचा नंबर तो लावणार नाही. बापाने उचलला तर, म्हणून. फुकटच्या नंबराची घंटा दोन छोट्या ठोक्यांची असते, ती मीच उचलते हे त्याला ठाऊक आहे.

आता त्याने लावला तर त्याला काय ऐकू येत असेल? 'हा नंबर बंद आहे.' त्याला वाटेल आईनेही दार लावलं.

मी अडुसष्ट वर्षांची आहे. थकले आहे. पण २ जुलै माझ्या डोक्यात बसलाय.

आर्डिस


बिस्मार्क
११ मे १९९८

मिसेस नेल्सेट,

तिन्ही टेप आल्या. तिन्हींवर आवाज एकाच पुरुषाचा आहे, आणि तो स्वतःचं नाव ऑर्लिन नेल्सेट सांगतो. प्रश्न स्पष्ट आहेत, उत्तरं स्पष्ट आहेत. घरातल्या प्रौढ व्यक्तीने होकार दिला असेल तर नियमाप्रमाणे बदल रीतसर ठरतो आणि मला फाईल बंद करावी लागते.

मी अजून बंद केलेली नाही. अकरा वर्षांत अशा सहाशे-सातशे टेप ऐकल्या असतील. बहुतेकांत माणसं चिडलेली असतात, घाईत असतात, किंवा त्यांना धड ऐकू येत नसतं. या तीन तशा नाहीत. त्यात काय आहे ते मी कागदावर लिहिणं बरं दिसणार नाही. प्रती पाठवते आहे. तारखेच्या क्रमाने ऐका आणि शक्यतो एकट्याने.

पेग स्वोबोदा


ऑस्टबी
१९ मे १९९८

मिस स्वोबोदा,

घरात टेप लावायची सोय स्वयंपाकघरातच आहे, म्हणून मी पिकअप घेऊन चर्चमागे गेले आणि गाडीतल्या यंत्रावर ऐकल्या. तुमचं पत्र वाचल्यापासून माझं डोकं तापलेलं होतं. म्हटलं, माझ्या तोंडावर 'मला काय माहीत' म्हणणारा हा माणूस मागे तिन्ही वेळा हो म्हणून मोकळा झाला. काय काय ऐकवायचं ते मी वाटेत जुळवून ठेवलं होतं.

पहिल्या टेपवर ती मुलगी नाव विचारते, पत्ता विचारते. तो सांगतो. ती विचारते, "बाहेरगावच्या फोनची कंपनी बदलायची आहे ना?" तो म्हणतो, "हो. तुम्ही कुठून बोलताय, बाई?" ती म्हणते, "सर, फक्त हो किंवा नाही सांगा." तो म्हणतो, "हो. पण तुमचं ऑफिस फिनिक्सला आहे का?"

दुसऱ्या टेपवर तो शहाणा झालाय. सगळ्याला भराभर हो म्हणतो आणि मग म्हणतो, "आता माझा एक प्रश्न आहे." तिथे टेप संपते.

तिसरी तुम्ही ऐकली आहे. तरी मी लिहिते, कारण मला ते कुणाला तरी सांगायचंय आणि इथे सांगण्यासारखं कुणी नाही. तो म्हणतो, "तुमचा माणूस म्हणाला, आधी हे पुरं करा, मग चौकशी करतो. म्हणून मी हो म्हणतोय. ब्रेंट नेल्सेट म्हणून एक मुलगा आहे. तुमच्याच धंद्यात आहे, फोनवर विक्री करतो. उंच आहे. बोलण्याआधी घसा साफ करतो." मुलगी म्हणते, "सर, इथे नऊशे लोक आहेत." तो म्हणतो, "विचारून बघा. मी थांबतो."

मग काही नाही. नुसती खरखर. तो थांबलेला ऐकू येतो. मी घड्याळ लावून बघितलं, अकरा सेकंद. मग ती म्हणते, "धन्यवाद सर, आपला बदल नोंदवला आहे."

सहा वर्षं मी त्या माणसाशेजारी जेवते. फोन वाजला की तो पहिल्या घंटेला उठतो आणि मी मनात म्हणायची, जेवताना फोन उचलायची ही कसली खोड लागली याला. बहिणीशी दोनच वाक्यं बोलणारा हा माणूस विक्रीवाल्यांशी मात्र बोलत उभा राहतो, चटई साफ करायचं यंत्र, मासिकं, विमा, काय काय. मी म्हणायची, "ठेव ना खाली." तो म्हणायचा, "माणूस बोलतोय, मध्येच कसा ठेवू?" आमच्याकडे फोन मध्येच ठेवणं वाईट समजतात, म्हणून मलाही ते पटलं. म्हणजे पोस्टकार्ड त्याने वाचलं होतं. आमचं पोस्ट तोच आणतो, हे माझ्या ध्यानात कसं आलं नाही?

आणि ब्रेंटला शोधायला गेला आणि ब्रेंटचाच नंबर तोडून बसला. हे त्याला सांगायला मला तोंड नाही.

टेप लपवायला गाडीचा पुढचा कप्पा उघडला तर आत तुमचे दोन्ही फॉर्म. माझ्या सह्या, त्याच्या सह्या, तिकीटसुद्धा चिकटवलेलं. टाकले नाहीत. टाकले असते तर फोन यायचे बंद झाले असते. मी ते होते तसे ठेवून दिले आणि घरी येऊन बटाटे सोलले. जुळवून ठेवलेलं काही बोलले नाही.

तुमचं काम तुम्ही करा. तो हो म्हणाला, ते खरं आहे. मी खोटं लिहून देणार नाही. फाईल बंद करा.

आर्डिस


बिस्मार्क
२ जून १९९८

मिसेस नेल्सेट,

फाईल बंद केली आहे. निकालाची प्रत सोबत जोडली आहे. पण ती वाचण्याआधी हे वाचा, कारण निकालाची भाषा मीच लिहिते आणि ती मलाही दुसऱ्यांदा वाचवत नाही.

तिसरी टेप मी चार वेळा ऐकली. शेवटच्या वेळी दुपारी, सँडविच खाता खाता, कारण तुमच्या पत्रानंतर ती पुन्हा ऐकावीशी वाटली. त्या मुलीने विचारलं, "बाहेरगावच्या फोनची कंपनी बदलायची आहे ना?" एवढंच. फुकटच्या नंबराचा उल्लेख कुठेही नाही. नियम असा आहे की प्रत्येक सेवेसाठी वेगळी संमती घ्यावी लागते. आणि तुम्ही एप्रिलच्या पत्रात सहज लिहून गेला होता की तो नंबर तुमच्या नावाने आहे. मी जुन्या कंपनीकडून कागद मागवला. नंबर फक्त तुमच्या नावाने आहे. त्याबद्दल तुम्हाला कुणी काही विचारलं नाही आणि तुमचे यजमान त्याबद्दल काही बोलले नाहीत.

म्हणून निकाल असा: लाइनचा बदल रीतसर, नंबर बंद करणं बेकायदेशीर. तीन आठवड्यांच्या आत तोच नंबर तुम्हाला परत द्यायचा आहे. 'तोच' या शब्दाखाली मी रेघ मारली. साहेब म्हणाले, निकालात रेघा मारत नाहीत. मी म्हटलं, या वेळी मारू द्या.

अकरा वर्षं हे काम करताना मला वाटत आलंय की आंधळं दळतंय, कुत्रं पीठ खातंय आणि मी उरलेलं मोजत बसलेय. एक भामटा बंद करावा तर दोन नवे उगवतात. तुमच्या यजमानांना 'चौकशी करतो' म्हणणाऱ्या त्या विक्रेत्याला मी काहीही करू शकत नाही, कारण त्याचं बोलणं टेपवर नाही. त्याचा मला जास्त राग आहे.

दोन्ही फॉर्म पुन्हा पाठवते आहे. पाठवणं मला भाग आहे. भरायचे की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा.

पेग स्वोबोदा


ऑस्टबी
६ जुलै १९९८

प्रिय पेग,

असं लिहिलं तर चालेल ना? फाईल बंद झाली म्हणजे आता आपण सरकारी राहिलो नाही.

नंबर २३ जूनला परत आला. मी शेजारणीला तिच्या घरून लावायला सांगितला, आमच्याकडे दोन छोटे ठोके वाजले. ऑर्लिन गोठ्यात होता. मी त्याला काहीच सांगितलं नाही. नंबर गेला होता हे त्याला माहीत नाही आणि परत आला हेही नाही, असं मी धरून चालले होते.

लाइनला कुलूप घालायचा फॉर्म सोबत आहे, सही करून, आणि या वेळी मी स्वतः टाकतेय. आता तो कुणालाही कितीही हो म्हणाला तरी नंबर हलणार नाही. दुसरा फॉर्म मी भरलेला नाही. तो लेफ्सेच्या कार्डामागे ठेवलाय.

परवा जेवताना फोन वाजला. ऑर्लिन उठायला लागला, मग माझ्याकडे बघून थबकला. माझं 'ठेव ना खाली' येणार, असं त्याला वाटलं असावं. मी म्हटलं, "जा, बोल. मी ताट झाकून ठेवते. घाई करू नकोस."

फोन वाजतच होता. मग त्याने उचलला. मासेमारीच्या मासिकाची कुणी मुलगी होती. आमच्यापासून मासा साठ मैलांवर आहे. तो म्हणाला, "हो, एक वर्षाची वर्गणी घ्या." मग म्हणाला, "आता माझं ऐका. मी माझ्या मुलाला शोधतोय. ब्रेंट त्याचं नाव. ब्रेंट नेल्सेट."

सहा वर्षांत ते नाव या स्वयंपाकघरात माझ्यासमोर पहिल्यांदा उच्चारलं गेलं, आणि तेही मासिकवाल्या मुलीपाशी. मी नळ सोडून भांडी घासत राहिले. भांडी घासलेलीच होती.

मग त्याने फोन छातीशी धरला आणि पाठमोराच मला विचारलं, "आर्डिस, तो नंबर पुन्हा चालू झाला ना?"

मी म्हटलं, "झाला."

"माझ्यामुळेच गेला होता."

"हो," मी म्हटलं. "आता परत आलाय."

त्याने फोन कानाला लावला आणि मुलीला म्हणाला, "लिहून घ्या. तुमच्याकडे कुणी त्याला ओळखत असेल तर त्याला द्या. सांगा, कुणीही उचलेल." आणि अकराच्या अकरा आकडे त्याने सावकाश, न अडखळता सांगितले. मी तो नंबर त्याला कधी सांगितला नव्हता. पण बिलावर तो असतो, आणि पोस्ट तोच आणतो.

अजून ब्रेंटचा फोन आलेला नाही. आल्यावर तुम्हाला कळवीनच. तोवर इकडे मासेमारीचं मासिक येईल, आणि काल एका विमावाल्यालाही त्याने नंबर लिहून घ्यायला लावला. मी दुसऱ्या खुर्चीवर बसून ऐकत होते. आता फोन वाजला की आम्ही दोघंही उठतो, आणि कुणी उचलायचा यावरून थोडी ढकलाढकली होते.

तुमची,
आर्डिस